लादलेला तह: टर्न-बेस्ड गेममध्ये युद्ध थांबवतं कोण?

आळीपाळीने चाली (टर्न) करत राज्य वाढवायच्या ‘सिव्हिलायझेशन’ या गेम-मालिकेत युद्ध पुकारायला एक क्लिक पुरते. ते थांबवायचा अधिकार कुणाकडे असावा, यावर मात्र खेळाडूंचं आजही एकमत नाही. लढणारे दोघेच तह करणार, की तिसरा कुणी मध्ये पडून दोघांना तलवारी म्यान करायला लावू शकतो? अलीकडे ‘ग्रीव्हन्सेस’ (आगळिकीबद्दलच्या तक्रारींचे गुण), ‘इमर्जन्सी’ (आक्रमकाविरुद्धची संयुक्त मोहीम) आणि ‘वॉर सपोर्ट’ (युद्धाला असलेला पाठिंबा) यांवरून जे वाद झडतात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

1991 च्या पहिल्या भागात प्रजासत्ताक किंवा लोकशाही स्वीकारली की सेनेट खेळाडूच्या परस्पर तह मान्य करून टाकायची. जवळजवळ जिंकलेलं शहर हातचं जायचं. 1999 च्या ‘अल्फा सेंटॉरी’ या परग्रहावर घडणाऱ्या, त्याच धाटणीच्या गेममध्ये एका भारतीय डॉक्टरच्या नेतृत्वाखाली ‘पीसकीपिंग फोर्सेस’ नावाचा अख्खा गटच होता. ग्रहाच्या परिषदेतल्या निवडणुकीत त्याची मतं दुप्पट धरली जायची. नर्व्ह गॅस वापरणाऱ्यावर व्यापारी निर्बंध यायचे, पण अशा शस्त्रांवर बंदी घालणारी सनद परिषदेने बहुमताने रद्द केली की तोच गॅस बिनदिक्कत वापरता यायचा. शांततेचे नियमही शेवटी मतांवर उभे असतात, हे इतक्या स्पष्टपणे तोवर अशा कुठल्याच गेमने दाखवलं नव्हतं.

खरा पेच 2007 साली ‘सिव्हिलायझेशन 4’च्या ‘बियॉन्ड द स्वोर्ड’ या विस्तारात पडला. त्यात ‘अपोस्टॉलिक पॅलेस’ हे वंडर, म्हणजे जगात एकदाच बांधता येणारी खास वास्तू, आलं. ते बांधून पूर्ण झालं त्या क्षणी बांधणाऱ्याचा जो राजधर्म असेल, तो पॅलेसचा धर्म. त्या धर्माचं एक शहर जरी तुमच्याकडे असलं तरी तुम्ही मतदार. तोच तुमचा राजधर्म असेल तर पूर्ण सभासद, म्हणजे मतांचं वजन जास्त. मतं मोजली जातात ती त्या धर्माच्या शहरांमधल्या लोकसंख्येवरून. निवडून आलेला रेसिडेंट (सभासदांचा प्रमुख) ठराव मांडतो, आणि त्यातला एक ठराव म्हणजे अमुक सभासदाविरुद्धचं युद्ध सगळ्यांनी थांबवावं. तो मंजूर झाला की तह आपोआप होतो आणि पुढचे 10 टर्न मोडता येत नाही.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते पाहा. कॅटापल्ट (दगडफेकी यंत्रं) आणि मेसमन (गदाधारी सैनिक) घेऊन तुम्ही शत्रूच्या राजधानीपर्यंत पोचलेले आहात. तटबंदीचा बचाव शून्यावर आलाय, पुढच्या टर्नला हल्ला. तेवढ्यात ठरावाची खिडकी उघडते आणि सगळं सैन्य शत्रूच्या हद्दीबाहेर फेकलं जातं. तहाचे 10 टर्न सरेपर्यंत तिकडे लाँगबोमन (धनुर्धारी) उभे राहतात, तटबंदीही पूर्ववत होते. ठराव धुडकावता येतो, पण मग त्या धर्माच्या शहरांमध्ये असंतोष उसळतो. ऐन युद्धात, आधीच वॉर वेअरिनेस (लोकांचा युद्धाला कंटाळा) वाढलेली असताना, हे परवडत नाही.

यावर फार टीका झाली. हे वंडर म्हणजे जिंकणाऱ्याला मिळालेली शिक्षा आहे, असं आजही म्हटलं जातं. टीकेत तथ्य आहे, पण अर्धंच. लादलेला तह ही कल्पना मालिकेतल्या सर्वांत धाडसी कल्पनांपैकी एक होती. कमजोर राज्याला बड्या शेजाऱ्यापुढे टिकून राहायचा सैन्याखेरीज दुसरा मार्ग तिने दिला. बिघडलं ते सूचनेत. ठराव येतोय याची चाहूल आधी लागत नाही. दूरच्या एखाद्या गावात धर्म आपोआप पसरला म्हणून आपण मतदार झालो, हे अनेकांना तह लादला गेल्यावरच कळायचं.

उपाय होते, आणि जाणकार ते वापरायचे. पहिला उपाय म्हणजे पॅलेस स्वतःच बांधायचा, तोही दुसऱ्या कुणाकडे नसलेला धर्म काही टर्नपुरता राजधर्म करून. मग मतदार तुम्हीच, आणि तुमच्यावर तह लादणारं कुणी उरत नाही. वर त्या धर्माच्या देवळांमागे आणि मठांमागे 2-2 हॅमर (उत्पादनाचे गुण) मिळतात, ते वेगळंच. दुसरा उपाय थिओक्रसीचा, म्हणजे धर्मसत्ताक धोरणाचा. राजधर्म वेगळा ठेवून थिओक्रसी लावली की पॅलेसचा धर्म नव्याने शहरांत शिरत नाही. मात्र एका जरी शहरात तो आधीच असेल तर या उपायाचा उपयोग नाही. तिसरा, युद्धाचे तुकडे पाडायचे: सीमेवरची गावं सोडून आधी राजधानी घ्यायची, म्हणजे तह लादला गेला तरी मोलाचं ते हाती लागलेलं असतं. मास मीडियाचा शोध लागला की पॅलेस कालबाह्य होतो, आणि त्याच शोधाने संयुक्त राष्ट्रांचं वंडर खुलं होतं. म्हणजे सुटका नाहीच, फक्त धर्माची अट जाते.

याच वंडरमधून धार्मिक विजयाची पळवाटही निघाली. प्रत्येक राज्यात त्या धर्माचं निदान एक शहर असलं की विजयाचा ठराव येतो आणि त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात. बऱ्याच खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या लहानशा गावात मिशनरी धाडून, शेजाऱ्यांशी गोडीगुलाबीने वागून, लढाई न करता खेळ संपवला. शांततेसाठी बांधलेली यंत्रणा झटपट विजयाचं हत्यार झाल्यामुळे ती आणखी बदनाम झाली.

पुढच्या भागांनी तह लादणं जवळपास सोडूनच दिलं. ‘सिव्हिलायझेशन 5’मध्ये सगळा भर बदनामीवर गेला. शहरं घेत गेलात की सगळं जग तुम्हाला युद्धखोर ठरवायचं, पण नेमकं किती, हे आकड्यात दिसायचं नाही. ‘सिव्हिलायझेशन 6’मध्ये 2019 साली ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्ताराने तो आकडा उघड केला. अचानक हल्ला केला तर 150 ग्रीव्हन्सेस. आधी निषेध नोंदवून, 5 टर्न थांबून औपचारिक युद्ध पुकारलं तर 100. मित्राचं शहर सोडवण्यासाठी उतरलात तर युद्ध पुकारण्याचे शून्य. हिशेब दोघांमधला असल्याने समोरच्याने आधी आगळीक केली असेल तर तुमच्यावरचा बोजा हलका होतो. ही सुधारणा नक्कीच मोठी होती.

मध्ये पडणाऱ्या तिसऱ्याचं काम मात्र ‘इमर्जन्सी’कडे गेलं. एखादं सिटी-स्टेट (एका शहराचं स्वतंत्र राज्य) कुणी गिळलं की बाकीच्यांनी एकत्र येऊन ते ठराविक मुदतीत सोडवायचं. 2018 च्या ‘राइज अँड फॉल’ या विस्तारात ही सोय आली, पुढे ती वर्ल्ड काँग्रेस या जागतिक परिषदेच्या मतदानाखाली गेली. अडचण नेहमीची: संगणक चालवत असलेला प्रतिस्पर्धी (एआय) सभासद होतो, युद्धही पुकारतो, पण त्याचं सैन्य पोचत नाही. मुदत संपते आणि बक्षीस आक्रमकालाच मिळतं. सोडवलेल्या शहराचीही शाश्वती नसते. मूळ मालकाची बाकीची शहरं दूर असतील तर शहराची लॉयल्टी (निष्ठा) घसरते आणि ते थोड्याच टर्नमध्ये फ्री सिटी, म्हणजे कुणाचंच नसलेलं शहर, होतं. म्हणून शहर परत देण्याआधी नकाशावर त्याच्या शेजारी कुणाची लोकसंख्या जास्त आहे ते बघावं लागतं.

लादलेला तह परतला तो दुसऱ्याच गेममधून. 2021 च्या ‘ह्यूमनकाइंड’मध्ये वॉर सपोर्ट शून्यावर आला की त्या बाजूला शरणागती पत्करावीच लागते, आणि विजेत्याला युद्धातल्या गुणांच्या मापातच शहरं ठेवता येतात. बाकीची परत. सगळा देश व्यापूनही दोन-तीनच शहरं हाती राहिली, ही तक्रार 2007 मधल्या तक्रारीचीच पुढची आवृत्ती आहे. फरक एवढाच की इथे आकडा पहिल्या टर्नपासून समोर दिसतो, त्यामुळे कुठलं शहर आधी घ्यायचं हे ठरवता येतं. 2025 च्या ‘सिव्हिलायझेशन 7’नेही वॉर सपोर्ट घेतला, पण सक्तीशिवाय: पाठिंबा घटलेल्या बाजूच्या वस्त्यांमध्ये नाराजी वाढत जाते. गेम आला तेव्हा तहात सोनं मागता येत नव्हतं, देवाणघेवाण व्हायची ती फक्त वस्त्यांची.