पांढरी व काळी

दख्खनच्या पठारावरील खेड्याच्या जमिनीचे दोन मूळ भाग. जिथे घरे, देवळे, चावडी आणि वाडे असतात ती पांढरी. तिच्याभोवती शिवेपर्यंत पसरलेली कसणुकीची जमीन ती काळी. आजच्या महसुली दप्तरात पांढरीच्या जागी गावठाण हा शब्द येतो. गावठाणाची हद्द सरकार ठरवते आणि वाढवतेही. पांढरी मात्र माणसांच्या राहण्यातून पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेली असते, म्हणून कोणत्याही गावाचा इतिहास वाचायला तिथूनच सुरुवात करावी लागते.

काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या गुणामुळे रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई अशी पिके फारशा पाण्याशिवाय तिच्यात उभी राहतात. पण याच फुगण्या-आकसण्यामुळे तिच्यावर बांधलेली भिंत टिकत नाही. जुन्या माणसांनी घरांसाठी मुरमाड उंचवटा, ओढ्याकाठची पुराच्या वरची दरड किंवा माळाची कड निवडली, ती यासाठीच. चांगली जमीन पेरायला ठेवायची आणि वस्ती हलक्या जागेवर करायची, हा या रचनेतला साधा हिशेब आहे.

अशा उंचवट्यावर मातीची घरे बांधली, पडली, त्याच ढिगाऱ्यावर पुन्हा बांधली. चुलीची राख, शेण, हाडे, चुनखडीचे खडे आणि भिंतींची माती एकमेकांत मुरत गेली आणि जागेला फिकट करडा रंग आला. राख व हाडांमुळे या मातीत चुना आणि स्फुरद भरपूर असते. गावाची गढी अनेकदा याच टेकाडाच्या माथ्यावर असते. पांढरीचे टेकाड म्हणजे प्राचीन वस्तीची खूण, हे पुरातत्त्व अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. नेवासे, प्रवराकाठचे दायमाबाद आणि शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव ही ताम्रपाषाणयुगीन गावे वस्तीच्या अशाच थरांतून उजेडात आली. इनामगावात सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. तिथे पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याच्याशेजारी धान्याचे कोठार आणि शेताला पाणी नेण्यासाठी खोदलेला चर आढळला. घर, कोठार आणि पाणी यांची सांगड या भागात किती जुनी आहे, याचा यापेक्षा ठोस पुरावा क्वचितच मिळेल.

पांढरीची माती गावाच्या रोजच्या उपयोगाची होती. मराठवाडा व सोलापूर भागातल्या माळवदाच्या घरांवर लाकडी तुळया आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या किलचांवर, म्हणजे पातळ लाकडांवर, तिचा जाड थर देत, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर दरवर्षी नवी माती टाकत. ती पाणी गळू देत नाही आणि उन्हाळ्यात घर गार ठेवते. मात्र वर्षानुवर्षांच्या थरांनी छताचे वजन अतोनात वाढत जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा रुंद दगडमातीच्या भिंती आणि ही जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे 8 हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील अनेक गावे मूळ जागेवरून हलवण्यात आली. शेकडो वर्षांच्या पांढरी सोडून माणसे मोकळ्या रानात, आखीव रस्त्यांच्या नव्या गावांत राहायला गेली. शेतात खत म्हणूनही ही माती खणून नेतात आणि त्यामुळे अनेक टेकाडे कडेने कोरली गेली आहेत. पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीने हे नुकसान भरून न येणारे आहे.

काळीची विभागणी थळांत होत असे. एका थळात अनेक शेते येत आणि थळाला विहीर, झाड, देव किंवा कुळ यांवरून नाव असे. गावची जमीन थळवार लिहिलेल्या कागदाला थळझाडा म्हणत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी घातलेली महसुलाची घडी आणि शिवकाळात शिवाजी महाराजांचे कारभारी अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखालची मोजणी या काळीच्याच होत्या. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि 120 बिघ्यांचा चावर, हे त्या मोजणीचे माप. इंग्रजी अमलात 1836 च्या सुमारास विंगेट व गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली. मातीचा पोत आणि खोली पाहून शेताची आण्यांत प्रतवारी लावली आणि 30 वर्षांसाठी सारा ठरवून दिला. थळांच्या नावांऐवजी शेते सर्व्हे नंबरने ओळखली जाऊ लागली. कारभाराला ते सोयीचे होते, पण प्रत्येक नावाबरोबर गावाची एक आठवण दप्तरातून गेली.

काळीचे पुढे काय झाले, ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या पवनाकाठच्या गावात नेमके पाहता येते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी 1917 मध्ये या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. 1771 मध्ये तिथे एका खातेदाराकडची सरासरी जमीन 40 एकर होती. 1915 पर्यंत ती 7 एकरांवर आली. दीडशेच्या आसपास खातेदारांकडे जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे होते आणि त्यांतले बहुतेक एकरापेक्षा लहान. दर वाटणीत प्रत्येक भावाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीत हिस्सा हवा असे, म्हणून बांध वाढत गेले. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा 1947 मध्ये आला, तरी वारसांची संख्या कायद्याला जुमानत नाही. ज्या पिंपळे सौदागरात मॅन यांनी बांध मोजले, ते आज पिंपरी-चिंचवडचे उपनगर असून काळीवर बहुमजली इमारती उभ्या आहेत.

पांढरी आणि काळी यांचे देणेघेणे खळ्यावर होत असे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी असे बलुतेदार पांढरीत राहत आणि वर्षभराच्या कामाबद्दल काळीच्या पिकातला वाटा घेत. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या आणि त्यांप्रमाणे तो कमीजास्त असे. सरकारचे घेणेही दुहेरी होते: काळीवर सारा, पांढरीवर घरपट्टी आणि कारागीर-व्यापाऱ्यांवर मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर.

या रचनेतला अन्याय जमिनीवरच दिसतो. महारवाडा गावकुसाबाहेर असे. शिवेच्या तंट्यात मात्र हद्दीवरून चालत खुणा दाखवणाऱ्या महाराचाच शब्द प्रमाण मानत. गावाची सीमा ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, त्याला वेशीच्या आत घर नव्हते. गावकामाबद्दल वतन म्हणून मिळालेल्या, हाडकी-हाडवळा म्हटल्या जाणाऱ्या तुटपुंज्या जमिनीपायी त्याच्याकडून रात्रंदिवस राबणूक घेतली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले; 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली.

दुष्काळात किंवा लष्कराच्या धामधुमीत माणसे परागंदा होत आणि पांढरी ओस पडे. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने अनेक गावे अशी उठली. काही पुन्हा वसली, काही कायमची बेचिराख राहिली. विदर्भात अशा जागांना रीठ म्हणतात. त्यांची काळी शेजारच्या गावांनी कसायला घेतली आणि टेकाडावर बाभळी वाढल्या.

विसाव्या शतकात विहिरींवर इंजिने आणि मग विजेचे पंप बसले, कालवे आले, आणि बागायतदार आपापल्या मळ्यात राहू लागला. पाणी, जनावरे आणि राखण यांसाठी ते सोयीचे होते. आज अनेक गावांत निम्म्याहून जास्त घरे काळीवरच्या वस्त्यांवर आहेत आणि गावठाणात बंद वाडे, बाजार व देवळे उरली आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 122 नुसार गावठाणाच्या हद्दी जिल्हाधिकारी निश्चित करतात. शेताला सात-बारा होता, पण गावठाणातल्या बहुतेक घरांचा नकाशा कधी झालाच नव्हता. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने ही मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. या मोजणीत घरांच्या हद्दी उतरतात, टेकाडाचे थर उतरत नाहीत. नव्या बांधकामासाठी पाया खणण्यापूर्वी पांढरीची स्वतंत्र नोंद करण्याचे काम अजून व्हायचे आहे.