पाखरांच्या शिकारीचा कुत्रा आणि कोकण : पार्श्वभूमी

कोकणात शिकारी कुत्र्याचा विषय निघाला की बोलणे रानडुकरावर जाते. हाकाऱ्याच्या वेळी जाळीत घुसणारे, डुकराला अडवून धरणारे आणि प्रसंगी पोट फाडून घेऊनही मागे न हटणारे गावठी कुत्रे इथल्या शिकारकथांत जागोजाग भेटतात. पाखरांसाठी पारखून घेतलेला आणि त्याच कामासाठी शिकवलेला कुत्रा मात्र या किनारपट्टीच्या आठवणीत क्वचितच सापडतो, आणि ज्यांच्या घरी आज लॅब्रॅडॉर किंवा कॉकर स्पॅनियल आहे त्यांनाही आपल्या कुत्र्याचे मूळ काम काय होते याची कल्पना बहुधा नसते. तो कुत्रा कोकणात कसा आला, इथे का रुजला नाही आणि त्याच्याआधी इथे पाखरांमागे कोणता कुत्रा जात होता, हे समजून घ्यायचे तर आधी इथली जमीन आणि इथल्या माणसाच्या हातातले हत्यार पाहावे लागते.

बंदुकीपूर्वीच्या काळात पाखरू धरणे हे गुपचूप करायचे काम होते. कातकरी आणि ठाकर यांच्यासारख्या रानाशी जोडलेल्या समाजांत फासे, जाळी आणि गलोल ही साधने होती, आणि त्यांतले प्रत्येक साधन पाखराला सुगावा लागू न देण्यावर अवलंबून होते. फास लावलेल्या पायवाटेवर कुत्रा फिरला तर दिवस वाया जातो, त्यामुळे या कामात त्याला घरीच बांधून ठेवणे शहाणपणाचे होते. राजदरबारांतही पाखरांची शिकार आणि कुत्र्यांची शिकार हे दोन वेगळे छंद मानले जात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ससाण्याच्या शिकारीसाठी श्येनविनोद आणि कुत्र्यांच्या शिकारीसाठी सारमेयविनोद अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत, ही विभागणी पुरेशी बोलकी आहे.

घाटावर जे शिकारी कुत्रे नावारूपाला आले, ते मुधोळ आणि कारवानी, नजरेने शिकार करणारे आहेत. लांब पाय, खोल छाती आणि आत ओढलेले पोट अशी त्यांची ठेवण उघड्या माळावर ससा दिसताच त्याला धावून गाठण्यासाठी झालेली आहे. सह्याद्री उतरून खाली आले की असा माळ संपतो. करवंदीच्या जाळ्या, काजूची दाटी, उतारावरची निसरडी पानगळ आणि दहा पावलांपलीकडे न पोचणारी नजर अशा रानात धावण्याचा वेग कामाला येत नाही. सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यांच्या सपाट कातळांवर, मोकळी जागा आहे, पण तिथला जांभा इतका खरबरीत असतो की वेगात धावणाऱ्या कुत्र्याचे तळवे थोड्याच वेळात सोलवटतात. अलीकडे हौसेने कारवानी कुत्रे कोकणात आणले जातात आणि ते दिसायला फार देखणे असतात यात शंका नाही, परंतु त्यांना ‘इथले शिकारी कुत्रे’ म्हणणे बरोबर नाही.

मग ठासणीच्या बंदुकीच्या काळात कोकणातला माणूस पाखरामागे कोणता कुत्रा नेत होता? याचे उत्तर त्या बंदुकीतच आहे. ठासणीच्या नळीत दारू, काथ्याचा बोळा आणि छर्रे ठासून एक बार काढला की पुढच्या बाराला बराच वेळ लागतो, आणि दारू व छर्रे दोन्ही जपून वापरायचे असतात. अशा हत्याराने उडते पाखरू टिपण्याचा धोका सहसा कोणी पत्करत नसे, बार बसलेल्या पाखरावरच टाकला जाई. रानकोंबडा आणि चकोत्री या कोकणातल्या रानपाखरांची एक सवय इथे उपयोगी पडत असे. कुत्रा मागे लागला की ही पाखरे आधी जाळीतून पळतात आणि कुत्रा अगदी जवळ आला की फडफडाट करून जवळच्या झाडावर चढतात. खाली कुत्रा भुंकत राहिला तर त्यांचे सारे लक्ष त्याच्याकडे लागते, आणि त्या वेळात बंदूकवाल्याला झाडामागून जवळ येता येते. म्हणजे इथल्या पाखरांच्या कुत्र्याचे काम पाखरू झाडावर चढवणे, झाड न सोडणे आणि माणूस येईपर्यंत एकाच सुरात भुंकत राहणे हे होते. युरोपातल्या पाखरांच्या कुत्र्याकडून अपेक्षित असलेली शांतता इथे दोष ठरली असती.

असा कुत्रा निवडताना जातीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता आईचा. जी कुत्री रानात नाक खाली ठेवून चालते, माग सुटला तर मागे फिरून पुन्हा शोधते आणि उगाच भुंकत नाही, तिच्या वेताची पिल्ले आधीच सांगून ठेवली जात. नाहक भुंकणाऱ्या कुत्र्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, कारण त्याच्या हाकेला दोनदा धावून फसलेला माणूस तिसऱ्यांदा धावत नाही. कान उभे असावेत, पाय आखूड पण घट्ट असावेत, केस आखूड असावेत, या अपेक्षांना दिखाव्यापेक्षा व्यवहाराचा आधार होता. लांब केसांत कुसळे आणि गोचीड भरतात, लोंबत्या कानांत ओल साचून ते चिघळतात, आणि पावसाळ्यानंतरच्या दमट रानात या दोन्ही गोष्टी कुत्र्याला आठवड्याभरात निकामी करतात. शिक्षण म्हणावे असे वेगळे काही नसे. सहा-आठ महिन्यांचे पिल्लू जुन्या, जाणत्या कुत्र्याबरोबर सोडायचे, ‘छू’ म्हटल्यावर पुढे जायचे आणि हाकेसरशी परतायचे एवढेच त्याला शिकवायचे, आणि बाकीचे त्याने त्या कुत्र्याकडून उचलायचे. ही पद्धत मला कमी प्रतीची वाटत नाही. कुत्रा कुत्र्याकडून जे शिकतो ते पक्के असते. मात्र जुन्या कुत्र्याच्या खोडीही पिल्लात उतरतात, आणि पाळीव कोंबड्यांमागे लागण्याची खोड एकदा लागली की ती जाता जात नाही.

युरोपात पाखरांच्या कुत्र्याची वाट वेगळ्या दिशेने गेली, आणि तिथेही आरंभी बंदूक नव्हती, जाळे होते. गवतात दडून बसलेल्या तितरांचा वास लागताच दबकून बसणारा स्पॅनियल जातीचा कुत्रा तिथले शिकारी वापरत आणि कुत्र्यासकट पाखरांवर जाळे ओढत. सेटर हे नाव या बसण्यावरूनच पडले. पुढे उडते पाखरू टिपता येईल अशी हलकी आणि लवकर पेटणारी बंदूक आली, तेव्हा कुत्र्यांची कामे वाटली गेली. पॉइंटर आणि सेटर यांनी दूरवर फिरून वास घ्यायचा आणि पाखराकडे तोंड करून पुतळ्यासारखे थांबायचे. स्पॅनियलने बंदुकीच्या टप्प्यात राहून झुडपे धुंडाळायची आणि पाखरू उठवायचे. रिट्रीव्हरने बार होईपर्यंत मालकाच्या पायाशी बसायचे आणि पडलेले पाखरू दात न लावता आणून द्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मागून काडतूस भरण्याच्या बंदुकांचा प्रसार झाला आणि लागोपाठ बार काढणे सोपे झाले, त्यामुळे पडणाऱ्या पाखरांची संख्या वाढली आणि आणून देणाऱ्या कुत्र्याचे महत्त्वही वाढले. १८५९ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरलेले कुत्र्यांचे पहिले संघटित प्रदर्शन फक्त पॉइंटर आणि सेटर यांच्यापुरते होते आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून बंदुका देण्यात आल्या. १८६५ मध्ये कुत्र्यांचे प्रत्यक्ष रानातले काम तपासणारी पहिली स्पर्धा झाली, १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, आणि १९०३ मध्ये त्या संस्थेने लॅब्रॅडॉर या रिट्रीव्हरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आज मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत दिसणारा हा कुत्रा जात म्हणून इतका अलीकडचा आहे.

हे कुत्रे कोकणात आले ते इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. पेशवाई संपल्यावर दापोलीला लष्करी छावणी पडली आणि ‘कॅम्प दापोली’ हे नाव रूढ झाले. ठाणे, अलिबाग आणि रत्नागिरी येथे मुलकी अधिकारी राहू लागले. त्यांच्या दृष्टीने किनारपट्टीचे खरे आकर्षण होते ते पाणलावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून येणारे आणि उन्हाळा लागता लागता परतणारे हे पाखरू भाताच्या ओल्या खाचरांत, वायंगणी शेतीच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या, मळ्यांत आणि खाडीकाठच्या खाजणांत उतरते. ते चिखलाच्या रंगात मिसळून बसते आणि पायाखालून उठल्यासारखे नागमोडी उडते, त्यामुळे त्याला टिपणे हे नेमबाजीचे कसब समजले जाई. रत्नागिरी जिल्ह्यात काम केलेले सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणातील पक्ष्यांची विस्तृत यादी प्रसिद्ध केली. या भागातील पाखरांची पहिली नीट नोंद एका सरकारी अधिकाऱ्याने केली, आणि त्या काळी पाखराचा अभ्यास व पाखराची शिकार ही बहुतेक वेळा एकाच हाताची कामे होती.

एवढे असूनही पॉइंटर आणि स्पॅनियल इथे रुजले नाहीत, आणि त्याचे दोष केवळ हवेवर टाकणे मला पुरेसे वाटत नाही. उष्मा, दमट हवा, गोचिडांचे ताप आणि कातडीचे रोग यांनी विलायती कुत्रे खंगत हे खरेच आहे. परंतु त्याहून मोठे कारण असे की कुत्र्याचे काम इथे माणसाकडून करून घेतले जात होते. खाचरांच्या बांधांवरून साहेब बंदूक घेऊन चाले, शेजारी ओळीने गावातली माणसे गुडघाभर चिखलातून पाखरे उठवत जात, आणि पडलेला पाणलावा नेमका भाताच्या कोणत्या चुडाजवळ पडला हे लक्षात ठेवून एखादा पोरगा तो उचलून आणी. दिवसाच्या तुटपुंज्या मजुरीवर हे मिळत असताना वर्षभर कुत्रा पोसून शिकवण्याची गरज थोड्यांनाच वाटली. जमिनीचाही प्रश्न होताच. पॉइंटरला वाऱ्यावर नाक ठेवून रुंद पट्ट्यात फिरायला मोकळे रान लागते, आणि चिंचोळ्या बांधांच्या, पायरीपायरीच्या शेतीत त्याच्या चालीला अर्थ उरत नाही.

ज्या थोड्या घरांनी पुढे बंदुकीचा परवाना आणि हौस या दोहोंच्या बळावर कुत्रे ठेवले, त्यांच्यासाठी स्पॅनियल किंवा लॅब्रॅडॉर हीच समंजस निवड होती. स्पॅनियल लहान चणीचा, टप्प्यात राहणारा आणि जाळीत घुसायला न बिचकणारा असतो, मात्र त्याच्या कानांची आणि पंजांमधल्या केसांची निगा रोज घ्यावी लागते. लॅब्रॅडॉर पाण्यातून पाखरू आणण्यात सरस, पण दुपारच्या उन्हात तो लवकर दमतो, म्हणून त्याचे काम उजाडल्यापासून फार तर दोन तासांत उरकावे लागते. शिक्षणाचा क्रम सर्वत्र सारखाच आहे. आधी हाकेला येणे आणि ‘थांब’ म्हटल्यावर थांबणे, मग गुंडाळलेला मोजा किंवा पाखराचे पंख बांधलेली कापडी गुंडाळी आणून देणे, मग ओढ्याच्या उथळ पाण्यात तेच काम, आणि सर्वांत शेवटी बार. बंदुकीचा आवाज पिल्लाने प्रथम लांबून आणि जेवणाच्या वेळी ऐकावा, म्हणजे त्याच्या मनात तो आवाज भीतीशी जोडला जात नाही. हा टप्पा घाईने उरकल्यामुळे कायमचे बिथरलेले कुत्रे पुन्हा कामाचे होणे फार कठीण असते, आणि यात दोष कुत्र्याचा कधीच नसतो. तोंड मऊ राहावे म्हणून कुत्र्याच्या तोंडातून वस्तू कधी हिसकावून घेऊ नये, हा नियमही तितकाच जुना आणि तितकाच दुर्लक्षित आहे.

या सगळ्याला कायद्याने हळूहळू वेढले. १८८७ च्या कायद्याने विणीच्या हंगामात मारलेली रानपाखरे शहरांत बाळगण्यावर व विकण्यावर बंधने आणली, १९१२ चा कायदा त्यापुढे गेला, आणि १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी परवाना घेऊन काही शिकार करण्याची सोय होती, त्यात लहान शिकारीचा परवानाही होता. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली आणि हौसेची शिकार देशभर बंद झाली. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही, तर फास लावणे, हाकारणे आणि कुत्रे सोडून पाठलाग करणेही येते, आणि तसा प्रयत्न करणे हाही गुन्हाच आहे. ‘बंदूक नव्हती, कुत्राच सुटला’ ही सबब त्यामुळे टिकत नाही.

रानांची ओळखही याच काळात बदलली. कर्नाळा १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झाले. मुरूडजवळचे फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते, ते १९८६ मध्ये अभयारण्य झाले. तरुणपणी स्वतः बंदूक वापरणाऱ्या सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीम येथे सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस बसून पाहिली. नर एकामागून एक घरटी बांधतो आणि माद्या ती पसंत करून घेतात, हे तिथे त्यांच्या लक्षात आले.

कुत्रा मात्र राहिला आहे, आणि त्याचे नाकही. सड्यावर टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, वेळास आणि आंजर्ले येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात, आणि हिवाळ्यात समुद्रकाठच्या पुळणीवर दूरदेशीची चिखलपाखरे हजारोंनी चरायला उतरतात. मोकळा सुटलेला लॅब्रॅडॉर या थव्यांमागे धावतो तेव्हा तो त्याच्या पूर्वजांना शिकवलेलेच करत असतो, आणि त्याला रोखण्यासाठी पुन्हा तोच जुना क्रम लागतो : आधी हाकेला येणे, मग थांबणे, आणि फेकलेली गुंडाळी आणून देण्यात त्याची ओढ भागवणे. पुळणीवर कुत्रा नेण्याआधी हे अंगणात महिनाभर रोज करून घ्यावे, आणि थवा दिसताच दोरी लावावी.