यानातले जिवाणू: आधी मोजले, मग वाचले

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातली हवा सतत फिल्टरमधून गाळली जाते. त्यातला एक फिल्टर ४० महिने वापरून झाल्यावर पृथ्वीवर आणला, तेव्हा त्यात अडकलेल्या कचऱ्यातून एक नवा जिवाणू हाती लागला. २०१७ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं ‘सोलिबॅसिलस कलामी’. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत (जेपीएल) हे काम करणारे कस्तुरी वेंकटेश्वरन अण्णामलै विद्यापीठात शिकलेले. डॉ. कलामांचं नाव त्यांना सुचावं यात नवल नाही. आपल्याकडे बातमी झाली ती या नावाचीच. पण ही जात नवी आहे हे ओळखता आलं, त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांची खटपट आहे, आणि मला ती नावाइतकीच मोलाची वाटते.

सुरुवात झाली वेगळ्याच काळजीतून. आपले जंतू दुसऱ्या ग्रहावर जाऊ नयेत, ही ती काळजी. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमात ही जबाबदारी लिहिलेली आहे. १९७५ मध्ये मंगळाकडे निघालेल्या व्हायकिंग यानांचे लँडर त्यासाठी ११० अंशांहून जास्त कोरड्या उष्णतेत तासन्‌तास तापवून काढले होते. यान किती स्वच्छ झालं हे तपासायची रीत तेव्हा ठरली आणि ती आजही वापरात आहे. ओल्या बोळ्याने पृष्ठभाग पुसायचा. बोळ्यातलं जे काही असेल ते पाण्यात उतरवून ते पाणी ८० अंशांवर १५ मिनिटं धरायचं. त्यात साधे जिवाणू मरतात, कडक कवचाचे बीजाणू (काही जिवाणूंची सुप्त, चिवट रूपं) तगतात. मग ते पोषक थाळीत ओतून ३२ अंशांवर तीन दिवस ठेवायचे आणि उगवलेले ठिपके एकेक करून मोजायचे. मंगळावर उतरणाऱ्या यानावर चौरस मीटरला सरासरी ३०० बीजाणूंची जी मर्यादा आहे, ती याच मोजणीवर बेतलेली आहे.

ही रीत चोख आहे, पण तिला दिसतं ते फार थोडं. निसर्गातले बहुतेक सूक्ष्मजीव अशा थाळीत उगवतच नाहीत. आणि जे उगवतात, ते कोण आहेत हे ठिपका सांगत नाही.

माणसांच्या यानात तर प्रश्नच निराळा. माणूस आला की त्याच्या त्वचेवरचे, तोंडातले, आतड्यातले जिवाणू सोबत येणारच. रशियाच्या मीर स्थानकावर (१९८६ ते २००१) बुरशी आणि जिवाणू नुसते राहत नव्हते, खिडक्या आणि उपकरणं खराबही करत होते. १९९८ मध्ये तिथे क्वचितच उघडल्या जाणाऱ्या एका झाकणामागे पाण्याचे गढूळ गोळे तरंगताना सापडले. त्यातला एक जवळजवळ बास्केटबॉलएवढा होता. नमुना पृथ्वीवर आणून तपासला, तर त्यात जिवाणू, बुरशी, एकपेशीय जीव, इतकंच काय धुळीतले सूक्ष्म किडेही निघाले. भिंतीमागे जमलेल्या ओलाव्यात अख्खी वस्ती झाली होती.

पुढचं वळण आलं ते जमिनीवर, यानं जोडतात त्या ‘क्लीन रूम’मध्ये. इथे हवा गाळलेली, कर्मचारी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, फरशी रसायनांनी पुसलेली. तरीही जेपीएलच्या अशा जागेत ‘बॅसिलस प्युमिलस एसएएफआर-०३२’ हा वाण सापडला. त्याचे बीजाणू अतिनील किरणांना आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला दाद देत नव्हते. आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हे तर निर्जंतुकीकरणाचंच हत्यार. २००७ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, प्रसिद्ध झाला. मला हा टप्पा सर्वात महत्त्वाचा वाटतो. ‘किती आहेत’ या प्रश्नाच्या जागी ‘हा मरत का नाही’ हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर जनुकांत शोधता येऊ लागलं. ‘टर्सिकॉकस फिनिसिस’ हा आणखी एक जिवाणू तर फ्लोरिडातल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या कुरू या प्रक्षेपण केंद्राच्या, अशा हजारो किलोमीटर लांबच्या दोन क्लीन रूममध्ये सापडला.

याच काळात पुण्याचाही या कथेशी संबंध आला, फक्त यानाऐवजी बलूनमधून. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोचं एक प्रचंड बलून सोडलं गेलं. प्रयोगाचे प्रमुख होते जयंत नारळीकर. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनने गोठवून, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यात ओढून घेतली. नमुन्यांचा तपास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला: हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत एस. शिवाजी यांच्याकडे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे. २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावं मिळाली. हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलं गेलं. इतका सावध दावा मला आजही शिकण्यासारखा वाटतो.

तोवर एक अडचण कायम होती. स्थानकावरचा नमुना पृथ्वीवर यायला महिने लागायचे. ऑगस्ट २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी तळहातावर मावणाऱ्या मिनआयन यंत्राने अंतराळात पहिल्यांदा डीएनए वाचला. शून्यवत गुरुत्वात द्रवातला हवेचा बुडबुडा वर जात नाही, तो यंत्राच्या नाजूक चकतीत अडकून बसेल अशी धास्ती होती. तसं झालं नाही. पण तो डीएनए पृथ्वीवरून तयार करून पाठवलेला होता.

खरी परीक्षा २०१७ ची. अंतराळवीर पेगी व्हिटसन यांनी स्थानकाच्या पृष्ठभागांवर थाळ्या टेकवल्या, आठवडाभर वाढ होऊ दिली, आणि बंदिस्त पेटीत हात घालून त्या पेशी इवल्याशा नळ्यांत उतरवल्या. हे अंतराळात याआधी कुणी केलं नव्हतं. त्याच दिवसांत ह्यूस्टनवर हार्वे वादळ आदळलं. नासाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सारा वॉलेस यांना तिथल्या नासाच्या केंद्रात जाता येईना. मग अलाबामातल्या नियंत्रण कक्षातून त्यांचा मोबाइल स्थानकाशी जोडून दिला आणि त्यांनी घरात बसून व्हिटसन यांना पायरी-पायरीने सांगितलं. वाचलं गेलं ते ओळख पटवणारं एकच जनुक, पूर्ण जीनोम नव्हे. पण अनोळखी जिवाणूची ओळख अंतराळातच पटली, आणि पुढे तेच नमुने पृथ्वीवर तपासल्यावर उत्तर तेच आलं.

पूर्ण जीनोम वाचल्याचा उपयोग दिसला २०१८ मध्ये. स्थानकाच्या शौचालयातून आणि व्यायामाच्या जागेतून मिळालेले ‘एंटेरोबॅक्टर बुगांडेन्सिस’चे पाच वाण वाचले, तेव्हा ते टांझानियात नवजात बाळांच्या रक्तात आढळलेल्या जातीचे निघाले, आणि अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे. २०२४ मध्ये आयआयटी मद्रास आणि जेपीएलने त्याच जातीचे १३ वाण घेऊन हा अभ्यास पुढे नेला. चीनच्या तियानगोंग स्थानकावरही एक नवी जात मिळाली. मे २०२३ मध्ये तिचा नमुना घेतला होता, २०२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

२०२५ मध्येच आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या ८०३ जागांच्या नमुन्यांचा नकाशा आला. भोजनाच्या जागी अन्नातले जिवाणू जास्त, शौचालयात मलमूत्रातले. बहुतेक सगळे माणसाच्याच अंगावरचे. माती आणि पाण्यातले, आपल्या घरांत सहज असणारे जिवाणू तिथे फारसे नव्हते, आणि स्थानक वाजवीपेक्षा जास्त निर्जंतुक तर नाही ना, असं त्या अभ्यासकांनीच विचारलं.