मोह, वासना व पाप (ख्रिस्ती धर्मशिकवण)

मोहापासून पापापर्यंत माणूस कसा पोचतो, याचे ख्रिस्ती धर्मातले सर्वांत आटोपशीर वर्णन नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (१:१३–१५) आहे. देव कोणाला मोहात पाडत नाही. माणसाला ओढून नेते ती त्याची स्वतःचीच वासना, असे याकोब सांगतो. वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढून पुरते झाले की त्याच्या पोटी मरण येते. पत्र मूळ ग्रीकमध्ये आहे. ‘भुलवला जातो’ या अर्थाने त्यात आलेले क्रियापद ‘आमिष’ या अर्थाच्या शब्दावरून बनले आहे. म्हणजे आधी गळाचा मासा आणि लगेच पुढच्या वाक्यात बाळंतपण! ही सरमिसळ खटकते खरी, पण दोन्ही प्रतिमा कामाच्या आहेत. मासा आमिषाकडे जातो तो स्वतःच्या भुकेने. आणि गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंत मध्ये काळ जातो. पुढच्या शतकांतला ख्रिस्ती नीतिविचार बराचसा या मधल्या काळाविषयीच आहे.

याकोबाने ‘वासने’साठी वापरलेला ‘एपिथुमिया’ हा शब्द मुळात वाईट नाही. शिष्यांबरोबर वल्हांडणाचे (ज्यूंच्या सणाचे) भोजन करण्याची आपल्याला उत्कट इच्छा होती, असे येशू म्हणतो (लूक २२:१५), तिथेही हाच शब्द आहे. भूक, कामेच्छा, मानाची हौस या देवाने निर्मिलेल्या माणसाच्याच प्रवृत्ती होत. त्यांची दिशा किंवा माप चुकले की त्या पापाकडे नेतात, असे मुख्य प्रवाहातील शिकवण मानते. मराठी वाचकाला हे चटकन जाणवत नाही, कारण ‘वासना’ म्हटले की शब्द आधीच डागाळलेला असतो. ‘मोहा’चेही तसेच. षड्रिपूंतला मोह म्हणजे बुद्धीवर पडलेली भूल. ख्रिस्ती मराठीत मात्र मोह म्हणजे पापाकडे खेचणारे आकर्षण किंवा तसा प्रसंग.

जुन्या करारातल्या कथांत हीच साखळी क्रियापदांतून दिसते. एदेन बागेतल्या झाडाचे फळ खायला चांगले, डोळ्यांना रम्य आणि शहाणपण देणारे आहे असे हव्वेला दिसते, मग ती ते घेते (उत्पत्ती ३:६). यरीहोच्या लुटीतला माल लपवणारा आखान आपल्या कबुलीत म्हणतो : मी पाहिले, मला लोभ सुटला, मी घेतले, पुरून ठेवले (यहोशवा ७:२१). सर्वांत तपशीलवार कथा दावीद राजाची आहे (२ शमुवेल ११). सैन्य लढाईवर गेलेले, राजा यरुशलेमेत मागे राहिलेला. संध्याकाळी वाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याला एक स्त्री स्नान करताना दिसते. इथवर दोष नाही, किंवा असलाच तर रेंगाळण्याचा. मग तो चौकशी करवतो. ती बथशेबा, उरीया हित्तीची बायको, असे उत्तर येते. परतण्याची जागा हीच होती, कारण आता अज्ञानाची सबब उरली नव्हती. तो तिला बोलावून घेतो. तिला दिवस गेल्यावर प्रकरण झाकण्यासाठी तो उरीयाला लढाईवरून घरी बोलावतो. तो डाव फसल्यावर घनघोर लढाईत त्याला पुढे उभे करून मारवतो. एका पापाने दुसऱ्याला जन्म द्यावा आणि शेवटी मरण यावे, हे याकोबाचे वाक्य इथे अक्षरशः घडते.

संत ऑगस्टीनने (३५४–४३०) येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना या वाटेचे तीन टप्पे केले : सूचना, सुख आणि संमती. सर्प सुचवतो, हव्वेला गोडी लागते, आदाम होकार देतो. विश्लेषण मार्मिक आहे. पण गोडी स्त्रीच्या आणि विवेक पुरुषाच्या वाट्याला देण्याची त्यातली सवय पुढे स्त्रियांना महाग पडली, हेही नोंदवले पाहिजे. ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ दुष्ट विचार सांगितले. पुढे पोप पहिला ग्रेगरी याच्या हाताखालून ते सात झाले. विचारांनी मनात शिरावे की नाही हे आपल्या हाती नसते, त्यांनी तिथे मुक्काम करावा की नाही हे असते, असे इव्हाग्रियसचे मत होते. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याने हीच गोष्ट जुन्या दृष्टान्ताने सांगितली : पाखरांना डोक्यावरून उडण्यापासून रोखता येत नाही, केसांत घरटे बांधण्यापासून येते.

बाप्तिस्म्यानंतरही माणसात उरणाऱ्या ओढीला पाप म्हणायचे का, यावर मात्र पंथ फुटले. लूथरवाद्यांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने (श्रद्धेच्या जाहीर मांडणीने) जन्मजात दुर्वासनेला खरोखरीचे पाप ठरवले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४६ मध्ये उत्तर दिले : ती पापातून येते व पापाकडे झुकवते, पण स्वतः पाप नाही. कॅथलिक शिकवणीनुसार प्राणघातक (आत्म्याला देवापासून तोडणाऱ्या) पापाला तीन अटी लागतात : गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि जाणूनबुजून दिलेली संमती. परस्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, हे येशूचे वचन (मत्तय ५:२८) दोन्ही बाजू आपापल्या परीने वाचतात.

खुद्द येशूला अरण्यात सैतानाने तीनदा मोह घातला (मत्तय ४), तरी तो निष्पाप राहिला (इब्री ४:१५). म्हणून मोह होणे आणि पाप करणे एक नाही, हे सर्वच पंथांना मान्य आहे. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी हाच प्रसंग वाचला जातो. मराठीत आदाम-हव्वेच्या पतनाची कथा फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तून (राशोल, गोवा, १६१६) ओवीबद्ध झाली.

येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतला ‘पेइरास्मोस’ हा ग्रीक शब्द परीक्षा आणि मोह दोन्ही अर्थ देतो. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात ‘परीक्षेत आणू नकोस’ असे आहे. ‘मोहात’ म्हटले तर देवच मोहात पाडतो असे वाटते, आणि याकोब तर नेमके ते नाकारतो. याच अडचणीपायी फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये आणि इटालियनांनी २०२० मध्ये उपासनेतले हे वाक्य बदलले. फ्रेंचमध्ये आता ‘आम्हांला मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाचे शब्द आहेत.