क्रुसाच्या वाटेवर चौदाच स्थाने का?

क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या शिक्षेपासून दफनापर्यंतच्या प्रसंगांपाशी, म्हणजे ‘स्थानां’पाशी, एकेक करून थांबत केलेली मननप्रार्थना. चर्चच्या भिंतीवरची या प्रसंगांची चौदा चित्रे उतरवून ठेवली, तरी ती करता येते. चित्रांवरचे छोटे क्रूस काढले, तर मात्र नियमानुसार स्थान उरत नाही. आशीर्वाद क्रुसाला असतो. चित्र किंवा शिल्प ही मनन सोपे व्हावे म्हणून केलेली जोड. जुन्या नियमात तर हे क्रूस लाकडाचेच हवेत, असे बजावलेले असे. जुनी चित्रे काढून नवी शिल्पे बसवताना नेमका हाच तपशील निसटतो. शिल्पे देखणी असतात, पण त्यांच्यावर क्रूस नसतो.

ही चौदा स्थाने आद्य ख्रिस्ती लोकांनी यरुशलेमच्या रस्त्यावर खुणा करून ठेवली आणि तिथून ती जगभर गेली, असा अनेकांचा समज आहे. घडले बरेचसे उलटे. यात्रेकरू चौथ्या शतकापासून यरुशलेमला जात होते, पण चौदा थांब्यांचा ठरलेला क्रम तिथे नव्हता. फ्रान्सिस्कन संन्यासी १२१७ पासून पवित्र भूमीत होते आणि १३४२ मध्ये सहाव्या क्लेमेंट पोपनी तिथल्या पवित्र स्थळांची राखण अधिकृतपणे त्यांच्याकडे दिली. तेच यात्रेकरूंना फिरवून आणत. विल्यम वे हा इंग्रज धर्मगुरू १४५८ आणि १४६२ मध्ये तिथे जाऊन आला. त्या काळी फेरी बहुधा पवित्र कबरीच्या चर्चपासून सुरू होऊन येशूला मरणदंड सुनावणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताच्या वाड्याकडे जाई, म्हणजे आजच्या क्रमाच्या नेमकी विरुद्ध. पुढे, १५१७ नंतरच्या ऑटोमन अमलात, भर रस्त्यात थांबून उघड प्रार्थना करणे ख्रिस्ती यात्रेकरूंना अवघडच होते.

ज्यांना यरुशलेम गाठणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी युरोपात गावोगाव त्याची प्रतिकृती उभी राहू लागली. सोळाव्या शतकाच्या आरंभी न्यूरेम्बर्गमध्ये शिल्पकार आडाम क्राफ्ट याने शहराच्या वेशीपासून सेंट जॉन दफनभूमीपर्यंतच्या वाटेवर शिल्पे बसवली. स्थाने सातच. प्रत्येक शिल्पाखाली पिलाताच्या घरापासून किती पावले झाली, तो आकडा कोरलेला. दंतकथा अशी, की हे अंतर मोजायला एक गृहस्थ यरुशलेमला गेले, परतताना टिपण हरवले, म्हणून पुन्हा जाऊन मोजून आले! कथा खरी असो वा नसो, पावलांच्या अचूकपणाचे त्या लोकांना किती अगत्य होते ते यातून कळते. या ‘सात पतनां’च्या भक्तीत येशू सात वेळा पडतो. आज तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी उरलेली तीन पतने त्या सातांतलीच, आणि बाकीची चार आईची भेट, क्रूस वाहायला हात देणारा सिमोन, येशूचा चेहरा रुमालाने पुसणारी वेरोनिका व यरुशलेमच्या स्त्रिया यांच्या स्थानांत मिसळून गेली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते पटण्याजोगे आहे. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, या पतनांचा उल्लेख नाही, हेही लक्षात घ्यावे.

आजचा क्रम मुख्यतः पुस्तकांतून आला. आजच्या बेल्जियममधल्या लूव्हेनचे, कार्मेलाइट संघाचे धर्मगुरू यान पास्का यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५६३ मध्ये निघाले. घरबसल्या वर्षभरात यरुशलेमची मानसयात्रा कशी करावी, हे त्यात दिवसवार लावून दिले होते. मग १५८४ मध्ये क्रिस्तियान व्हान आड्रिखेम या डच धर्मगुरूंनी यरुशलेमचे वर्णन छापले. त्यात बारा स्थाने आहेत आणि ती आजच्या पहिल्या बाराशी जुळतात. स्वतः आड्रिखेम यरुशलेमला कधी गेले नव्हते! तरीही ते पुस्तक अनेक भाषांत पोहोचले आणि युरोपातून येणारे यात्रेकरू हाच क्रम मनात ठेवून यरुशलेमच्या गल्ल्यांत तो शोधू लागले.

रोमची मोहोर टप्प्याटप्प्याने उमटली. १६८६ मध्ये अकराव्या इनोसंट पोपनी फ्रान्सिस्कनांना आपल्या चर्चमध्ये स्थाने उभारण्याची मुभा दिली. बाराव्या क्लेमेंट पोपनी १७३१ मध्ये ती सर्व चर्चना खुली केली आणि चौदा हा आकडा पक्का केला. पोर्ट मॉरिसचे संत लिओनार्ड या इटालियन फ्रान्सिस्कन प्रवचनकारांनी एकट्याने पाचशेहून अधिक ठिकाणी स्थाने उभारली. रोमच्या कोलोसियममधली त्यांनी २७ डिसेंबर १७५० रोजी स्थापन केली. ती १८७४ मध्ये उत्खननासाठी काढण्यात आली. गुड फ्रायडेला पोप तिथे करतात ती क्रुसाची वाट सहाव्या पॉल पोपनी १९६४ मध्ये पुन्हा सुरू केली.

या तारखांचा आपल्याकडेही संबंध आहे. १७३१ च्या आदेशानंतर आठच वर्षांत, १७३९ मध्ये, वसई पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे आली. फ्रान्सिस्कनांचे चर्च वसईच्या किल्ल्यात होते हे खरे, पण वसईच्या गावोगावच्या चर्चमधली चौदा स्थाने सरसकट पोर्तुगीज वारसा म्हणून खपवणे घाईचे ठरेल. पोर्तुगीज वळणाची खरी भक्ती गोव्याच्या ‘सांतोस पासोस’मध्ये दिसते. तिथे क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताची मूर्ती मिरवणुकीने निघते आणि वेरोनिका झालेली मुलगी रुमाल उलगडत लॅटिन गीत गाते.

आजचा नियम सुटसुटीत आहे. पूर्ण इंडल्जन्ससाठी, म्हणजे पापक्षमेनंतरही उरणाऱ्या ऐहिक शिक्षेच्या माफीसाठी, रीतसर स्थापलेली स्थाने हवीत, चौदा क्रूस हवेत आणि एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालत जायला हवे. शिवाय पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची आसक्ती नसणे, या नेहमीच्या अटी आहेतच. उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्च भरलेले असते. सगळेच चालू लागले तर बाकांमध्ये गोंधळ उडतो, म्हणून निदान प्रार्थना चालवणाऱ्याने तरी फिरावे, बाकीच्यांनी जागेवर राहिले तरी चालते, अशी सवलत आहे. उलट चालवणाराच वेदीजवळच्या माईकला चिकटून राहिला, तर अट पुरी होत नाही. प्रार्थनेचे शब्द ठरलेले नाहीत. येशूच्या दुःखसहनाचे आणि मरणाचे मनन पुरेसे असते. पुस्तिका कोणती वापरायची, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

स्थानांची यादीही एकच नाही. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी १९९१ मध्ये कोलोसियमला पूर्णपणे शुभवर्तमानावर आधारलेली चौदा स्थाने घेतली. ती गेथशेमनीच्या बागेत, येशूने अटकेआधी प्रार्थना केली तिथे, सुरू होतात. यहुदाचा विश्वासघात, पेत्राचे नाकारणे, क्रुसावरच्या चोराला दिलेले वचन, हे सारे त्यांत येते. तिन्ही पतने, वाटेवरची आईची भेट आणि वेरोनिका गळतात. ज्या धर्मग्रामात बायबलवाचनाचे गट चालतात, तिथे ही यादी चांगली रुजते. इतरत्र मात्र लोक वेरोनिकाला सोडायला तयार नसतात.