'कॅनॉट ओपन डिस्प्ले' येतं कुठून? एक्सच्या परवानग्यांची पार्श्वभूमी

लिनक्सवर एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम दुसऱ्या युजरच्या नावाने चालवायला गेलं की 'नो प्रोटोकॉल स्पेसिफाइड' आणि त्याखाली 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' असं दिसतं, आणि शोधायला गेलं तर सगळ्यात आधी सल्ला मिळतो तो एक्सहोस्ट प्लस मारायचा, म्हणजे स्क्रीनवर कोणाला येऊ द्यायचं हे ठरवणारी एक्सहोस्ट ही कमांड नुसतं अधिकचं चिन्ह देऊन चालवायचा. त्याने काम होतं हे खरंय, पण हा सल्ला कुणी कुणाला देऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ते का हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

स्क्रीनवर विंडो दाखवण्याचं काम करणारी एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे थोडक्यात एक्स, 1984 साली एमआयटीमध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी सुरू केली. प्रोग्रॅम एका मशीनवर चालणार आणि त्याची विंडो नेटवर्कवरून दुसऱ्याच मशीनच्या स्क्रीनवर दिसणार, ही त्यातली मूळ गोष्ट. म्हणून स्क्रीन-कीबोर्ड सांभाळतो तो सर्व्हर आणि ॲप्लिकेशन हा क्लायंट, डिस्प्ले 0 असेल तर सर्व्हर टीसीपी पोर्ट 6000 वर ऐकणार, 1 असेल तर 6001 वर. आत कोणाला घ्यायचं हे सुरुवातीला मशीन बघून ठरायचं, म्हणजे एक्सहोस्टच्या यादीत ज्या मशीनचं नाव त्या मशीनवरचे सगळे युजर आत! एका मशीनवर एकच माणूस असेल तर ठीक, पण युनिक्स मुळातच अनेक युजरचं. त्यात 1987 च्या एक्स11 प्रोटोकॉलमध्ये क्लायंट एकमेकांपासून वेगळे ठेवलेले नाहीत, एकदा आत आलेला प्रोग्रॅम बाकीच्या विंडोमध्ये टाइप होणारा पासवर्डसुद्धा वाचू शकतो, स्क्रीनचा फोटो काढू शकतो. नुसता प्लस म्हणजे ही यादीच बंद करणं.

यावर उपाय म्हणून एमआयटी मॅजिक कुकी आली. 128 बिटांचा रँडम आकडा, तो सर्व्हरला माहीत असतो आणि होम फोल्डरमधल्या डॉट एक्सअथॉरिटी फाइलमध्ये असतो, ती फाइल ज्याला वाचता येते तो आत. कल्पना साधी आणि चांगली आहे, आणि आज आपल्याला येणारे बहुतेक एरर याच फाइलभोवती फिरतात. दुसऱ्या युजरवर गेलं की होम बदलतं, मग प्रोग्रॅम तिथली फाइल बघतो आणि तिथे कुकी नसते. रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरला, फाइल वाचायची परवानगी असते पण कुठली वाचायची हे सांगावं लागतं, त्यासाठी एक्सअथॉरिटी नावाचं व्हेरिएबल आहे. कोणी सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकाराने) एक्स सुरू करणारी स्टार्टएक्स कमांड चालवली तर फाइल रूटच्या मालकीची होऊन बसू शकते, आणि मग बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन स्क्रीन परत परत येतो. होस्टनेम मध्येच बदललं तरी गडबड, कारण कुकी होस्टच्या नावाखाली नोंदलेली असते.

1995 मध्ये दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं एसएसएच आलं आणि रिमोटचा प्रश्न बराच सुटला, ते पलीकडे स्वतःची खोटी कुकी ठेवतं आणि खरी अलीकडेच राहते. पलीकडे डिस्प्ले लोकलहोस्ट 10 असा दिसतो तो एसएसएचने उघडलेल्या वाटेचा, हाताने बदलू नका. एक्सऑर्ग या एक्सच्या सर्व्हरच्या 2015 च्या 1.17 आवृत्तीपासून टीसीपीवर ऐकणंही डीफॉल्टने बंद झालं, त्यामुळे प्लसचा धोका आता बहुतेक वेळा त्याच मशीनपुरता राहतो, पण तिथली प्रत्येक सर्व्हिस आणि प्रत्येक युजर आत येऊ शकतो हे काय कमी आहे?

मग एक्सच्या जागी आलेलं वेलँड. क्रिस्टियन होग्सबर्गने 2008 मध्ये सुरू केलं, फेडोरा 25 या लिनक्सने 2016 मध्ये डीफॉल्ट केलं, आणि रूटने चालणारं, डिस्कचे भाग पाडणारं जीपार्टेड लगेच अडलं, कारण जुने प्रोग्रॅम एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडच्या आत चालणाऱ्या एक्स सर्व्हरमधून चालतात आणि तिथे रूटला आपोआप जागा नाही. ग्नोम डेस्कटॉपमध्ये एक्सवेलँडची कुकी होममध्ये नसून रन फोल्डरमध्ये दर सेशनला नव्या नावाने बनते, म्हणून टर्मिनल मागे चालू ठेवणाऱ्या टीमक्सच्या जुन्या सेशनमध्ये त्या फाइलचा शिळा पत्ता राहतो आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही.

तेव्हा आधी डिस्प्ले आणि एक्सअथॉरिटी ही दोन व्हेरिएबल छापून बघा, मग फाइलची मालकी, मग नोंदलेल्या कुकी दाखवणारी एक्सऑथ लिस्ट ही कमांड. तरीही दुसऱ्या युजरला आत घ्यायचंच असेल तर एक्सहोस्टला प्लसनंतर एसआय, लोकलयुजर आणि त्या युजरचं नाव असं कोलन टाकून द्या, परवानगी त्या एकालाच मिळते, आणि काम झालं की हीच ओळ प्लसच्या जागी मायनस घालून परत चालवा.