गिरणीतली हवा आणि इन्स्पेक्टरचा फेरा
फॅक्टरी कायदा आपल्याकडे १८८१ लाच आला, पण तो लागू कुणाला, तर यंत्रावर चालणाऱ्या आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला, आणि त्यातही वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे वगळलेले. म्हणजे खानदेशातली जिनिंग, सरकीपासून कापूस वेगळा करणारे कारखाने, सुटली, जिथे सीझनमध्ये बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत कापसाच्या धुळीत बसायच्या. १८९१ च्या दुरुस्तीत ही संख्या पन्नासवर आली. त्याआधी कारखान्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनपुढे गिरणी कामगारांची बाजू मांडायला नारायण मेघाजी लोखंडे होते, हे विसरता कामा नये.

कायदा झाला पण तपासायचा कोणी? बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याचे अधिकारीच पदसिद्ध इन्स्पेक्टर, त्यांना शंभर कामं, कारखान्यात फिरणार कधी! त्यात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५ च्या सुमाराला मुंबईत चौदा-पंधरा तास काम चालायला लागलं. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनलाही मान्य करावं लागलं की अनेक ठिकाणी कायदा उघड उघड मोडला जातोय. त्या कमिशनवर मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर होते, त्यांनी मोठ्या पुरुषांच्या तासांवरही थेट मर्यादा हवी म्हणून वेगळं मत नोंदवलं, आणि १९११ च्या कायद्यात कापड गिरण्यांना बारा तासांची मर्यादा आलीच. सीझनचे कारखानेही त्यातच आले.

पण खरा प्रश्न हवेचा होता. विणाई खात्यात सूत तुटू नये म्हणून आत वाफ सोडायचे, खिडक्या बंद, मुंबईचा उन्हाळा, आणि त्यात माणूस दिवसभर लूमसमोर, म्हणजे मागासमोर, उभा. धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या शटलच्या, भोकातून सूत ओढायला तोंड लावून श्वास आत घ्यायचा, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात, म्हणजे क्षयाला आयतीच वाट. मला यात सगळ्यात चीड याची येते की सूत किती दमट हवं याचा हिशोब गिरणीत रोज व्हायचा, माणसाला किती झेपेल याचा नियम करायचा अधिकार सरकारकडे नीट आला तो १९२२ च्या कायद्यात. त्याच कायद्याने आठवड्याला साठ तास ठरले, आणि वीस माणसांचा कारखानाही आत आला.

तरी यंत्र नसलेल्या छोट्या जागा बहुतेक बाहेरच राहिल्या. विडीचे कारखाने बघा, अंधाऱ्या कोंदट खोल्या, तंबाखूची धूळ, दाटीवाटीने बसलेली माणसं. १९३१ च्या कामगारविषयक रॉयल कमिशनने अशा कायद्याबाहेरच्या कारखान्यांत पाच वर्षांची मुलं कामाला असल्याचं लिहून ठेवलंय. विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला तो थेट १९६६ ला.